दुखणाऱ्या कंबरेचे चित्र

कंबरदुखीवर उपाय शोधण्याची परंपरा कित्येक शतकांची असली, तरी दुखणाऱ्या कंबरेचे आतून चित्र काढावे आणि त्या चित्रात दुखण्याचे कारण शोधावे, ही रीत जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. या अवधीत चित्र काढण्याची साधने अनेकदा बदलली. क्ष-किरणांनंतर कण्यात तेल सोडून काढलेली चित्रे आली, मग सीटी स्कॅन आला आणि अखेरीस एमआरआय, म्हणजे चुंबकीय अनुनादाने काढलेली प्रतिमा. प्रत्येक नव्या साधनाने आधीच्या साधनाला न दिसलेले काही दाखवले, आणि प्रत्येक वेळी काही वर्षांतच असेही आढळले की जे दिसते ते कंबर न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. या इतिहासातला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण आज एमआरआयच्या टेबलावर निजणाऱ्या रुग्णाच्या हाती जो अहवाल पडतो, त्याचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

चित्रे नव्हती तेव्हा वैद्याकडे रुग्णाचे सांगणे आणि स्वतःचे हात एवढेच होते, पण तेवढ्यावरही निरीक्षण पुष्कळ नेमके झाले होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या विवेचनात गृध्रसीचे वर्णन येते. त्यात नितंबापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा आणि पोटरीतून पावलापर्यंत क्रमाने उतरणारी वेदना सांगितली आहे, आणि आज ज्याला सर्रास सायटिका म्हटले जाते त्याच्याशी ते वर्णन बरेच जुळते. युरोपात १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतून्यो यांनी खुब्याच्या सांध्याचे दुखणे वेगळे आणि पायात जाणाऱ्या मज्जातंतूचे दुखणे वेगळे, हा भेद स्पष्ट मांडला. पुढे १८८१ मध्ये पॅरिसच्या शार्ल लासेग यांच्या एका शिष्याने एक साधी चाचणी प्रसिद्ध केली: रुग्णाला उताणे निजवून त्याचा सरळ ठेवलेला पाय हळूहळू वर उचलायचा आणि कळ पायात कुठवर उतरते ते पाहायचे. ही चाचणी आजही होते, आणि एमआरआयची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ती व्हायला हवी.

विल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये वुर्ट्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला आणि थोड्याच काळात मोडलेली हाडे, शरीरात रुतलेल्या गोळ्या आणि वाकलेले कणे काचेच्या पट्टीवर दिसू लागले. कंबरदुखीच्या बाबतीत मात्र या किरणांची मर्यादा मोठी होती. दोन मणक्यांच्या मधली गादी, म्हणजे कडेला चिवट तंतूंची कडी आणि मध्यभागी पाण्याने भरलेला मऊ गर अशी रचना असलेली चकती, क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक असते. मज्जारज्जू आणि त्यातून निघणाऱ्या नसाही तशाच. त्यामुळे डॉक्टरांना मणके दिसत, मणक्यांमधील रिकामी वाटणारी जागा दिसत असे, आणि ती जागा अरुंद झाली की गादी झिजली असावी असा तर्क करावा लागे. दिसते हाड आणि दुखते बहुधा दुसरेच काही, ही अडचण पुढची तीन दशके कायम राहिली. त्या काळात कंबरदुखीचा दोष कधी माकडहाडाच्या वरच्या सांध्याला, कधी स्नायूंना, तर कधी शरीरात लपलेल्या जंतुसंसर्गाला दिला गेला.

गादीकडे लक्ष वळले ते शवविच्छेदनातून. जर्मनीतील ड्रेस्डेनचे विकृतिशास्त्रज्ञ क्रिस्टियान गेओर्ग श्मोर्ल यांनी १९२०च्या दशकात हजारो कणे उघडून तपासले आणि गादीतला गर वरच्या किंवा खालच्या मणक्याच्या हाडात घुसल्याच्या खुणा नोंदवल्या. आजच्या एमआरआय अहवालात ‘श्मोर्ल्स नोड’ असा उल्लेख दिसतो तो याच खुणांचा. गादीचे तुकडे मागच्या बाजूला, मज्जारज्जूच्या नळीतही सरकलेले सापडत होते आणि शल्यचिकित्सक ते काढतही होते, पण ते तुकडे कूर्चेची गाठ समजले जात. हा गैरसमज बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दूर झाला. तेथील मेंदू व कणा शल्यचिकित्सक विल्यम जेसन मिक्स्टर आणि अस्थिशल्यचिकित्सक जोसेफ सीटन बार यांनी अशा ‘गाठींचे’ जतन केलेले जुने नमुने पुन्हा तपासले, त्यांची निरोगी गादीशी तुलना केली, आणि त्यांतले बरेचसे गाठी नसून फाटलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग आहे असे दाखवून दिले. त्यांचा लेख १९३४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मोजक्या रुग्णांवर आधारलेल्या या एका लेखाने पुढच्या अर्ध्या शतकाची दिशा ठरवली. गादी सरकते, नस दाबते आणि सरकलेला भाग काढून टाकला की दुखणे थांबते, हे सुटसुटीत स्पष्टीकरण वैद्यकाने उचलले आणि ते समाजातही झपाट्याने पसरले. पायात उतरणाऱ्या वेदनेसाठी ते पुष्कळ अंशी खरे होते. नुसत्या कंबरेच्या दुखण्यालाही तेच लागू करण्यात आले, आणि पुढचा बराच गोंधळ तिथून सुरू झाला.

शस्त्रक्रिया करायची तर गादी कुठल्या जागी सरकली आहे हे आधी कळायला हवे, आणि त्यासाठी जे साधन हाताशी होते ते आजच्या रुग्णाला अघोरी वाटेल. पॅरिसमध्ये १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला झाँ-अथानाझ सिकार आणि झाक फोरेस्तिए यांनी लिपिओडॉल नावाचे, खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून केलेले द्रव्य कण्याच्या नळीत सोडले; आयोडीन क्ष-किरणांना अडवत असल्याने ते तेल चित्रात उठून दिसे आणि जिथे त्याचा प्रवाह अडे किंवा त्याला खाच पडे तिथे काहीतरी दाबत आहे असे समजता येई. या तपासणीला मायेलोग्राफी म्हणतात. कमरेत सुई घालून कण्याचे पाणी काढायचे, तेल सोडायचे, मग रुग्णाला कलत्या टेबलावर बांधून डोक्याकडे आणि पायाकडे झुकवत ते तेल वरखाली सरकवायचे, अशी तिची पद्धत होती. १९४०च्या दशकात लिपिओडॉलच्या जागी पँटोपेक हे कमी दाट तेल आले. तपासणीनंतर ते सुईने परत ओढून काढायचे असे, पण सगळे निघत नसे आणि उरलेले थेंब वर्षानुवर्षे कण्यात राहत. त्यातून काही रुग्णांच्या मज्जारज्जूच्या आवरणाला दाह होऊन नसा एकमेकींना चिकटल्या, आणि जे दुखणे शोधायला तपासणी केली त्याहून वाईट दुखणे त्यांच्या वाट्याला आले. पाण्यात विरघळणारी व शरीरातून आपोआप बाहेर पडणारी द्रव्ये १९७०च्या दशकात आल्यावर हा धोका कमी झाला, तरी सुई टळली नव्हती. एमआरआयकडे रुग्णांनी आणि डॉक्टरांनी इतक्या आनंदाने का पाहिले, हे मायेलोग्राफीचा हा इतिहास लक्षात घेतल्यावर उमगते.

एमआरआयची मुळे वैद्यकात नव्हेत, भौतिकशास्त्रात आहेत. काही अणूंची केंद्रके स्वतःभोवती फिरणाऱ्या सूक्ष्म चुंबकांसारखी वागतात आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवली असता एका ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरी शोषून पुन्हा बाहेर टाकतात. इसिडोर राबी यांनी १९३८ मध्ये हे रेणूंच्या झोतात दाखवले, तर १९४६ मध्ये स्टॅनफर्डचे फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे ते द्रव आणि घन पदार्थांत दाखवले. या विद्येचा मुंबईशी फार लवकर संबंध आला, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा सांगितली जात नाही. एकाच पदार्थातील हायड्रोजनची केंद्रके त्यांच्या रासायनिक शेजारानुसार किंचित वेगळे संकेत देतात, हे अल्कोहोलच्या नमुन्यात दाखवणारा स्टॅनफर्डचा १९५१चा गाजलेला निबंध ज्या तिघांच्या नावावर आहे, त्यांतले एक एस. एस. धर्मट्टी. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभा केला आणि भारतात चुंबकीय अनुनादाच्या संशोधनाचा पाया घातला. तेव्हा या साऱ्याचा हेतू पदार्थांची रचना उलगडण्याचा होता. माणसाला त्या चुंबकात निजवण्याची कल्पना अजून दूर होती.

ती कल्पना १९७०च्या दशकात आकाराला आली. रेमंड डॅमेडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांतील कर्करोगाच्या गाठी आणि निरोगी ऊती यांचे संकेत वेगवेगळ्या वेगाने विरतात असे दाखवले. पण संकेत शरीरातल्या कोणत्या जागेवरून आला हे ओळखल्याशिवाय चित्र तयार होत नाही, आणि ती किल्ली पॉल लॉटरबर यांना सापडली: चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे न ठेवता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थोडेथोडे वाढत नेले, तर प्रत्येक जागेची कंप्रता वेगळी होते आणि कंप्रतेवरून जागा ओळखता येते. पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे त्यांनी काढलेले चित्र ‘नेचर’मध्ये १९७३ साली आले, तो लेख आधी नाकारला गेला होता. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफील्ड यांनी याच कल्पनेला गणिताची आणि वेगाची जोड दिली, आणि क्षेत्राच्या झटपट बदलांनी हृदयाला अपाय होईल अशी भीती व्यक्त होत असतानाही १९७८ मध्ये ते स्वतःच आपल्या यंत्रात शिरले. त्याआधी जुलै १९७७ मध्ये डॅमेडियन यांनी एका सहकाऱ्याच्या छातीचे चित्र काढले होते, ज्याला पाच तासांच्या आसपास वेळ लागला. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन मॅलार्ड यांच्या गटाने ऑगस्ट १९८० मध्ये एका रुग्णाचे संपूर्ण शरीराचे, निदानाला उपयोगी पडेल असे चित्र मिळवले आणि त्यात हाडांत पसरलेला कर्करोगही दिसला. २००३चे नोबेल पारितोषिक लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले; डॅमेडियन यांना वगळल्याचा वाद वर्तमानपत्रांतील पानभर जाहिरातींपर्यंत गेला.

कण्यासाठी हे यंत्र विशेष अनुकूल ठरले याचे कारण गादीच्या घडणीतच आहे. एमआरआय हाड पाहत नाही, तो मुख्यतः पाण्यातील आणि चरबीतील हायड्रोजन पाहतो, आणि तरुण माणसाच्या गादीतल्या गरात वजनाने ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ज्या प्रकारच्या चित्राला टी-टू म्हणतात त्यात पाणी पांढरे दिसते, म्हणून कण्यातील द्रव पांढरा पट्टा होतो, त्यात नसा काळ्या रेघांसारख्या तरंगताना दिसतात आणि निरोगी गादीचा मध्य उजळ असतो. वयाबरोबर पाणी कमी झाले की तोच मध्य करडा आणि मग काळा होत जातो. टी-वन प्रकारात चरबी उजळ दिसते आणि मणक्यांच्या मगजाची तपासणी सोपी होते. क्ष-किरणांत जी जागा केवळ रिकामी दिसत होती, तीच जागा आता चित्राचा केंद्रबिंदू झाली, तीही सुई न टोचता आणि किरणोत्सर्गाशिवाय. मायकेल मोडिक यांनी १९८८ मध्ये गादीलगतच्या हाडातील बदलांचे जे प्रकार पाडले, तेही आज अहवालात त्यांच्याच नावाने येतात.

तपासणीच्या खोलीत रुग्णाला जे सोसावे लागते, त्यातील प्रत्येक गोष्टीचा उगम या इतिहासात सापडतो. रुग्णालयांत सामान्यतः वापरले जाणारे दीड टेस्ला शक्तीचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ असते. ते निओबियम-टायटॅनियमच्या तारांचे असून द्रवरूप हीलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सियसला थंड ठेवलेले असते, आणि अशा तारांत एकदा सोडलेला विद्युतप्रवाह विरोधाशिवाय वाहत राहत असल्याने रात्री दिवे मालवले तरी चुंबक चालूच राहते. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कमरेचा करगोटा, किल्ल्या आणि मोबाइल बाहेर ठेवावे लागतात, आणि शरीरात पेसमेकर, मेंदूतील क्लिप किंवा डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर आधी सांगावे लागते. ही केवळ औपचारिकता नव्हे: २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका लहान मुलाचा आणि जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात रुग्णासोबत आलेल्या एका तरुणाचा मृत्यू खोलीत नेलेला ऑक्सिजनचा सिलिंडर चुंबकाने खेचल्यामुळे झाला. लॉटरबर यांच्या कल्पनेप्रमाणे क्षेत्र कमीजास्त करणारी वेटोळी सेकंदाच्या हजाराव्या भागात चालू-बंद होतात, प्रबळ क्षेत्रात त्यांना धक्के बसतात, आणि ती थरथरल्याने जो ठणठणाट होतो त्यासाठी कानात बोळे किंवा कानावर आवरण दिले जाते. बोगद्यासारख्या पोकळीचा व्यास जुन्या यंत्रांत साठ सेंटीमीटर असे, नव्यांत सत्तर असतो; बंद जागेची भीती वाटणाऱ्याने ती आधी सांगितली तर त्यावर उपाय करता येतो, आणि हातात दिलेला फुगा दाबून तंत्रज्ञाला केव्हाही बोलावता येते. कमरेच्या तपासणीला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्या वेळात श्वास नेहमीसारखा घ्यायचा असतो, फक्त हलायचे नसते, आणि दुखणाऱ्या कमरेने उताणे पडून राहणे हाच अनेकांना सर्वांत अवघड भाग वाटतो. गॅडोलिनियम या धातूच्या संयुगाचे इंजेक्शन साध्या कंबरदुखीत बहुधा लागत नाही. जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आणि पुन्हा सरकलेली गादी वेगळी ओळखायची असेल किंवा जंतुसंसर्ग अथवा गाठीचा संशय असेल तेव्हा ते दिले जाते.

आता या इतिहासाच्या दुसऱ्या, कमी सांगितल्या जाणाऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. १९६८ मध्ये हिट्सेलबर्गर आणि विटन यांनी कानाच्या मज्जातंतूवरील गाठीसाठी मायेलोग्राफी झालेल्या तीनशे माणसांची चित्रे पाहिली. त्यांना कंबरदुखीची तक्रार नव्हती, तरी सुमारे चोवीस टक्क्यांच्या कमरेच्या भागात गादीचा दोष दिसत होता. १९८४ मध्ये सीटी स्कॅनबाबत असाच निष्कर्ष निघाला. १९९० मध्ये स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या सदुसष्ट जणांचे एमआरआय काढले, तेव्हा साठीच्या आतल्यांपैकी वीस टक्क्यांच्या आणि साठीपुढच्यांपैकी छत्तीस टक्क्यांच्या गाद्या सरकलेल्या आढळल्या. १९९४ मध्ये मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अठ्ठ्याण्णव वेदनारहित माणसांपैकी केवळ छत्तीस टक्क्यांच्या सर्व गाद्या निर्दोष निघाल्या. २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक वेदनारहित माणसांवरील अभ्यास एकत्र केले असता, गादीच्या झिजेचे चिन्ह विशीत सदतीस टक्क्यांत आणि ऐंशीत शहाण्णव टक्क्यांत असल्याचे दिसले. एकच धडा तीन वेगवेगळ्या साधनांनी दिला आणि प्रत्येक वेळी तो मागच्या पिढीने शिकलेला नसल्यासारखा नव्याने शिकावा लागला, ही या विद्येची सर्वांत खेदाची बाब आहे. अहवालातील ‘डिजनरेशन’ किंवा ‘बल्ज’ हे शब्द वाचून गादी सरकली, नस दबली, आता वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, असा निकाल घरात लागतो. पण चाळिशीच्या माणसाच्या कण्यात ते शब्द न सापडणे हाच अपवाद ठरावा, इतके ते सामान्य आहेत.

चित्र वाचणाऱ्याचाही प्रश्न आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्रेसष्ट वर्षांच्या एकाच स्त्रीचे न्यूयॉर्क परिसरातील दहा केंद्रांत तीन आठवड्यांच्या आत एमआरआय काढले गेले. दहा अहवालांत मिळून एकोणपन्नास निरनिराळे दोष नोंदले गेले आणि त्यांतील एकही दोष दहाही अहवालांत नव्हता. पायाच्या वेदनेवर उपचार घेतलेल्या रुग्णांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय काढणाऱ्या डच संशोधकांना २०१३ मध्ये आढळले की बरे झालेल्यांपैकी पस्तीस टक्क्यांच्या आणि बरे न झालेल्यांपैकी तेहतीस टक्क्यांच्या चित्रात गादी सरकलेलीच होती. म्हणजे चित्रावरून कोण बरा झाला हे ओळखता येत नव्हते. या पुराव्यांमुळे इंग्लंडच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या कंबरदुखीत सरसकट प्रतिमा काढू नये असे सांगितले गेले, आणि अमेरिकेत कुटुंबवैद्यांच्या संघटनेने धोक्याची लक्षणे नसतील तर पहिले सहा आठवडे थांबावे असा सल्ला दिला.

धोक्याची लक्षणे असतील तर मात्र थांबणे चुकीचे ठरते, आणि येथे एमआरआयची थोरवी निर्विवाद आहे. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेच्या आतील भाग बधिर होणे, पायाची ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणे ही लक्षणे कण्याच्या टोकाकडील नसांचा जुडगा दाबला गेल्याची असू शकतात; तेव्हा तातडीने एमआरआय काढावा लागतो आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही करावी लागते. पूर्वी कर्करोग झालेला असणे, ताप, रात्री वाढणारे दुखणे आणि घटणारे वजन हीही कारणे तशीच गंभीर आहेत. भारतात त्यांत मणक्याच्या क्षयाची भर पडते, ज्याचे वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये इंग्लंडमध्ये केले होते. साध्या एक्स-रेमध्ये हाडाची झीज दिसायला त्यातील खनिजाचा एक तृतीयांश किंवा अधिक भाग नष्ट व्हावा लागतो. एमआरआयमध्ये मगजातील सूज त्याच्या कितीतरी आधी दिसते, आणि तेवढ्या अवधीत औषधे सुरू झाली तर पाठीला कुबड येणे किंवा पाय लुळे पडणे टाळता येते. परदेशी मार्गदर्शक तत्त्वांतील सहा आठवड्यांचा नियम भारतात वापरताना हा फरक विसरता येत नाही.

अहवालाची भाषाच बदलून पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. अमेरिकेत चार आरोग्ययंत्रणांतील अडीच लाख रुग्णांचा समावेश असलेल्या एका मोठ्या चाचणीत अहवालाखाली एक छोटी नोंद जोडण्यात आली, ज्यात त्याच वयाच्या वेदनारहित माणसांत हे बदल किती टक्क्यांना असतात हे सांगितले होते. २०२० मध्ये निकाल आला तेव्हा पुढील तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांचे एकूण प्रमाण घटलेले नव्हते, अफूजन्य वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या मात्र थोड्या कमी झाल्या होत्या. मुद्रित कागदावरची चार वाक्ये नव्वद वर्षांची समजूत पुसू शकली नाहीत, यात नवल नाही; तरीही ती चार वाक्ये मराठीत, रुग्णाला वाचता येतील अशी, प्रत्येक अहवालाखाली छापली जावीत, आणि शक्य तिथे डॉक्टरांनी ती चित्र समोर धरून समजावून सांगावीत.